दोन ग्लास, कधीमधी तीन

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र उघडल्या उघडल्या मागची बाजू बघू नकोस. तिथे कुणाच्या तरी घराचा नकाशा आहे, आणि त्यांचं स्वयंपाकघर कुठे नि संडास कुठे याच्याशी तुला काही देणंघेणं नाही. दुकानात झेरॉक्स वाकडी आली की तो कागद मालक मला देतात. पाठकोरा कागद फुकट, म्हणून मी पत्रं लांबलचक लिहिते.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावतेस. अगं, दोन खोल्यांचं घर. फोन लावला की हे समोर. ‘कोण, धाकटी का? दे इकडे,’ म्हणतात आणि तुझ्याशी अशा गप्पा ठोकतात की तुला वाटावं, आपला दादा अगदी मजेत आहे. फोन ठेवला की पुन्हा तोंडाला कुलूप.

मागच्या आठवड्यात ह्यांच्या गोदामासमोर एका ट्रकचं टायर फुटलं. एवढंच. रस्त्यावरची माणसं दचकली, मग हसली, ड्रायव्हरने कपाळावर हात मारून घेतला. पण गेटवर पहाऱ्याला हे नव्हते. शोधाशोध झाली, तर आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन नव्या कपाटांच्या फटीत, डोकं गुडघ्यांत घालून बसलेले. कुणाचं ऐकेनात. मला दुकानातून बोलावलं, माझंही ऐकेनात. शेवटी मी रेडिओला घेऊन आले. रेडिओ आठवतो ना तुला? फौजेत ह्यांच्या ट्रकमध्ये शेजारी बसून वायरलेस सांभाळायचा तो, आमच्याच गल्लीत राहतो. तो आला, फटीसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि हळूच म्हणाला, ‘मागचा ट्रक येतोय रे. आला बघ.’ तेव्हा कुठे हे बाहेर आले.

मागचा ट्रक कधीच आला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ताफ्यात ह्यांच्या मागे होता तो पेटला आणि ह्यांनी तो आरशात पाहिला. थांबायचा हुकूम नव्हता, म्हणून थांबले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला ह्यांनी कधी सांगितलं नाही, रेडिओच्या बायकोने सांगितलं. आमच्या घरात आरसा फक्त माझ्या कपाटाच्या दाराला, तोही आतल्या बाजूने. दाढी हे चाचपून चाचपून करतात. कानापाशी चार केस राहिले की मी सांगते.

आणि पिणं तर तुला ठाऊकच आहे.

तुमच्या संस्थेत हेच काम चालतं ना गं? फौजेतून परत आलेली माणसं, त्यांच्या मनातली दुखणी आणि त्यांच्या बाटल्या. मागे तू म्हणालीस, नात्यातलं माणूस घेत नाहीत. असेल नियम. पण त्या फटीत बसलेला माणूस मी पाहिला आणि मला लाज नाही वाटली, रडू फुटलं. काहीतरी कर.

तुझी वहिनी

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण माझ्या ऑफिसच्या खोलीत टेबल, फायलींचं कपाट आणि मी एवढेच कसेबसे मावतो. तेव्हा मान झुकवते, तेवढीच गोड मानून घे. नकाशा बघितला. स्वयंपाकघराला खिडकी नाही, त्या लोकांना कळव.

असल्या गोष्टी मी रोज ऐकते. ऐकताना चेहरा कसा ठेवायचा तेही आम्हाला शिकवलेलं असतं. तुझं पत्र वाचताना तो चेहरा कुठे गेला कोण जाणे. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

मग मी सरळ सरांकडे गेले. सर म्हणजे ह्या उपचारांवर इथे संशोधन चाललंय त्याचे प्रमुख; चांगला माणूस, नियमाला मात्र दगडासारखा. मी स्वतः दादाशी बोलू शकणार नाही, त्याचे कागदही माझ्या हाती येणार नाहीत, पण मैत्रिणीने त्याला घ्यायला हरकत नाही, म्हणाले. मी तिथेच खुर्चीत बसून घेतलं.

नुसते प्रश्न विचारून पाठवून देत नाहीत गं. आठवड्यातून दोनदा बोलावतात. जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं, पुन्हा सांगायचं, पुन्हा. आता, या क्षणी घडतंय असं वाटायचं थांबून, ते घडून गेलं असं वाटायला लागेपर्यंत. दारूचा इलाज त्याच्या जोडीने. मी तोंडभरून आश्वासन देणार नाही, सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण दार लावलेल्या खोलीत दोन मिनिटं बसू न शकणारा आमचा एक माजी सैनिक मागच्या महिन्यात बायकोला घेऊन सिनेमाला गेला आणि आम्हाला तिकिटांचे तुकडे दाखवायला आला. तो गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून नाकं पुसली.

जागा थोड्याच आहेत. तेव्हा एवढंच लगेच कळव: दादा दिवसाला किती पितो? कधीपासून सुरुवात करतो, सकाळी लागते का? त्याला विचारू नकोस, तो थापा मारेल. तू सांग.

तुझी,
धाकटी

१६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

मागे कुणाची तरी गुणपत्रिका आहे. गणितात काठावर पास. बिचारा.

तू विचारलंस ते लिहिते. दोन ग्लास, संध्याकाळी, जेवणाआधी. कधीमधी तीन, तेही रेडिओ आला तर. सकाळी नाही. नोकरीवर तर नाहीच नाही, ह्यांच्या शिस्तीचं तुला काय सांगायचं.

एवढं चालेल ना? म्हणजे जास्त आहे म्हणून परत तर नाही ना पाठवणार? दुकानात रोज बघते मी. एका रकान्यात काही इकडचं तिकडे झालं की कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस अख्खा अर्ज परत सरकवतो, आणि बापडा माणूस रडकुंडीला येऊन पुन्हा आमच्या मशीनसमोर उभा. तुमच्याकडे तसं नसेल, पण मनात आपलं येतं.

ह्यांना सांगितलं. आधी चिडले. ‘ती माझी परीक्षा घेणार? तिला पाढे मी शिकवलेत!’ मग दोन दिवस गेले. काल बुटांना पॉलिश करत होते, बूट आधीच चकचकीत होते, आणि मान वर न करता म्हणाले, ‘जाईन मी. पण तिला सांग, आरशासमोर बसवायचं नाही.’

धाकटे, मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. माझ्या मनात काय आलं सांगू? म्हातारपणी का होईना, नवरा मिळेल मला.

वहिनी

२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

त्याला सांग, संस्थेत आरसा एकच आहे, बायकांच्या बाथरूममध्ये, आणि तिथे त्याला तसंही कुणी जाऊ देणार नाही.

तुझं पत्र वाचून माझा जीव भांड्यात पडला. मी काय काय धरून बसले होते! आमच्याकडे येणारे बरेच जण डोळे उघडायच्या आधी बाटली उघडतात. दोन-तीन ग्लास म्हणजे त्यांच्यापुढे काहीच नाही. दादा वाचला, म्हटलं.

आता एक नियम आहे, तो नीट वाच. पहिल्या भेटीआधी तीन आठवडे थेंबही घ्यायचा नाही. माणूस नशेत सांगतो ती आठवण धरून चालता येत नाही, असं सरांचं म्हणणं. ह्या खेपेची माणसं मार्चच्या शेवटी आत घेतील, मग थेट पुढच्या वर्षी. म्हणजे एक तारखेपासून बंद केली तर वेळेत बसतं.

दादासारख्या माणसाला ती एकदम सोडता येईल. चार-सहा दिवस चिडचिड करेल, झोप लागणार नाही, घाम येईल, जेवणात खोट काढेल. काढू दे. तू विरघळू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, त्याने जरा तोंड पाडलं की तू लगेच पाघळतेस. घरात असेल ती ओतून टाक आणि त्याला गोड काहीतरी खायला दे.

मार्चअखेर स्टेशनवर मी घ्यायला येईन. तो कुणालाही सांगणार नाही, पण मी त्याचा हात धरून रस्ता ओलांडणार आहे, लहानपणी तो माझा धरायचा तसा. ह्या वेळी तो नाही म्हणू शकत नाही, माझं शहर आहे.

धाकटी

२ मार्च

प्रिय प्रश्नपत्रिका,

अक्षराला हसू नकोस. टेबलाचा एक पाय तोकडा आहे, त्यामुळे ते हलतं. तुझी वहिनी म्हणते टेबल ठीक आहे. तिचं फार मनावर घेऊ नकोस.

कालपासून बंद. तुझ्या वहिनीने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, नंतर मोरीत फिनेल ओतलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की आता मलाही ओतते की काय. रेडिओला सांगितलं तर म्हणाला, वेडा झालास, असं एका दिवसात कुणी सोडतं का. मी म्हटलं, धाकटीने सांगितलंय, ती यातलीच शिकलेली आहे. तेव्हा गप्प बसला. तुझ्या नावाला वजन आहे इकडे.

झोप नाही. त्यात विशेष काही नाही, ती आधीही नव्हती. सकाळपासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. जाऊन बघितलं तर तुझ्या वहिनीचा एप्रन खुंटीला. खुंटी बदलायला सांगितली आहे.

तुझ्या मैत्रिणीसमोर काय बोलायचं त्याची तयारी करतोय. हसू नकोस. मागच्या ट्रकमध्ये तिघं होते. दोघांची नावं मला येतात. तिसरा नवीन होता, आदल्या दिवशीच आलेला, मी त्याच्याकडे काडेपेटी मागितली होती. त्याचं नाव काही केल्या आठवत नाही. इतकी वर्षं वाटायचं, थोडी घेतली की आठवेल. आता वाटतं, सोडल्यावर आठवेल. ते आठवलं की बाकीचं सांगायला मी तयार आहे. बिननावाचं कसं सांगायचं?

तू हे काम घेतलंस तेव्हा मला राग आला होता. आमच्यासारख्यांना काचेखाली ठेवून बघतात, म्हटलं. आता नाही राग. बरा होऊन आलो की कुणाची तरी गाडी मागून घेतो आणि तुला शेजारी बसवून तुझ्या त्या शहरभर फिरवतो. स्वतः चालवेन. आरशासकट.

टेबल फारच हलतंय. पुरे करतो.

तुझा,
दादा

९ एप्रिल

प्रिय धाकटे,

तू परत गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तू असताना मी बोलले नाही. माणसं येत-जात होती, आणि तू नुसती भिंतीला टेकून बसलेली. तुझ्याकडे बघून मला माझं सांगायचा धीर झाला नाही. आज दुकान बंद आहे. बिघडलेले कागद संपले, म्हणून कोराच घेतला.

मला सगळे म्हणतात, वाईट झालं, आता कुठे सोडली होती आणि नेमकं असं. मी म्हणते, नाही हो. धाकटे, तुला एकटीलाच सांगते, मला ह्यात समाधान आहे. ते चार दिवस माझे होते. किती वर्षांनी ह्यांच्या तोंडाला वास नव्हता. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की चहा मी बशीतून पाजला, आणि हे म्हणाले, ‘लग्नात घास भरवायला लाजलीस, आता बरी सापडलीस.’ दुसऱ्या दिवशी घामाने दोन वेळा चादर बदलली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात बघून कुणाशी तरी बोलत होते, ‘गाडी घे, गाडी पुढे घे’ म्हणून. मला भीती वाटली, पण तू लिहिलंच होतंस की त्रास होईल. म्हटलं, इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडतंय, पडू दे. चौथ्या दिवशी सकाळी उठून बसले, माझं नाव घेतलं, आणि अंग ताठ झालं. दात घट्ट बसले. डॉक्टर आले तोवर सगळं आटोपलं होतं. हृदय, म्हणाले. दारूने पोखरलेलं असणार, सोडायला उशीर झाला.

उशीर झाला एवढंच. पण सोडली होती. माझा माणूस जाताना स्वच्छ गेला. धाकटे, मी ह्याच एका गोष्टीला धरून उभी आहे.

आता चांगली बातमी. रेडिओ सोडतोय! ह्यांच्यापेक्षा त्याचं जास्त होतं, तुला माहीत नाही. ह्यांच्यानंतर तर तो सकाळपासूनच सुरू असतो. मी रोज त्याच्या दारात जाऊन सांगते, ‘तुमच्या मित्राने करून दाखवलं, एका दिवसात, तुम्हाला काय धाड भरलीय?’ परवा तो रडला आणि म्हणाला, ‘वहिनी, त्याच्यासाठी करतो. महिनाअखेरपासून, त्याने केलं तसंच, एकदम.’ त्याची बायको म्हणते, ते चार दिवस तुम्ही येऊन बसा, तुम्हाला अनुभव आहे. मी जाणार आहे. ह्यांचं काहीतरी मागे राहिलं असं वाटेल मला.

जेवत जा.

वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल. फोन हातात घेतला होता. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलून फोन ठेवला असता.

रेडिओला एकदम सोडू देऊ नकोस. हे आधी वाच, बाकीचं नंतर वाच. त्याला एकदम बंद करू देऊ नका. त्याला हॉस्पिटलमध्ये न्या, तिथे गोळ्या देऊन, हळूहळू, नजरेखाली ठेवून सोडवतात. तोपर्यंत तो पितो ते पिऊ दे. सुरुवात केलीच असेल आणि हात कापत असतील, तर एक क्षण न थांबता घेऊन जा. हॉस्पिटल लांब असेल आणि तो शुद्धीत असेल, तर निघताना थोडी द्या.

आता कारण. दादा दारूने गेला नाही, वहिनी. दारू एकदम थांबवल्याने गेला.

फार पिणाऱ्याचं शरीर तिच्यावर टेकून उभं असतं. ती एका दिवसात काढून घेतली की हात कापतात, घाम सुटतो, कोपऱ्यात माणसं दिसतात, मग आकडी येते. त्यात जीव जातो. हे मला पाठ आहे. मी हे नव्या मुलींना शिकवते. तू लिहिलेले ते चार दिवस जसेच्या तसे आमच्या पुस्तकात आहेत. तिकडे असताना मी तुला एकही प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर काय येईल ते कळत होतं. परत आले तर पत्रपेटीत दादाचं पत्र पडलं होतं. हलणाऱ्या टेबलाचं. मी ते अजून एकदाच वाचू शकले आहे.

दोन ग्लास पिणाऱ्याला असं होत नाही. किती होती गं खरी? आता रागाने विचारत नाही. माझा राग माझ्यावरच इतका आहे की दुसऱ्या कुणाला पुरायचा नाही. आमच्याकडे कामाची एक रीत आहे: घरचे सांगतील तो आकडा दुप्पट धरायचा. घरचे वाईट नसतात, त्यांना लाज वाटते, म्हणून. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी मीच तिला हे सांगते. तुझं पत्र आलं तेव्हा मी दुप्पट धरलं नाही. ती परक्यांसाठीची रीत, आपल्या घराला कशाला, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर दादाचा दुप्पट आकडा मला बघायचाच नव्हता. धरला असता तर मी फोन केला असता, तिथल्या डॉक्टरांशी बोलले असते. त्याला पडून राहायला एक पलंग मिळाला असता, बस्स.

सरांना सगळं सांगितलं. तीन आठवड्यांचा तो नियम ह्या महिन्यात बदलतील. बदलू देत.

तुझ्यापाशी एकच आधार उरला होता आणि तो मी काढून घेतेय, हे मला कळतंय. रेडिओचं नसतं तर मी मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं. पण तो माझं ऐकणार नाही. माझ्याच शब्दावर त्याचा मित्र गेला. तो तुझं ऐकेल, आणि विचारेल, का? तेव्हा दादा कसा गेला ते तुला त्याला सांगावं लागेल. ते तुझ्याऐवजी दुसरं कुणी सांगू शकत नाही.

मला शिव्या दे. पण आधी त्याच्याकडे जा.

धाकटी

२७ एप्रिल

धाकटे,

वर ‘प्रिय’ लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नाही.

तुझं पत्र दुकानात आलं. वाचलं, घडी घातली आणि दुपारपर्यंत लोकांना झेरॉक्स काढून दिल्या. काय काढलं देवाला ठाऊक. मनात म्हटलं, नाही सांगणार मी कुणाला. शिकलेल्यांना काय, प्रत्येक गोष्टीचं पुस्तक असतं त्यांच्याकडे. माझ्या माणसाने सोडली होती आणि तो स्वच्छ गेला. मग एका बाईच्या कागदाच्या मी एकाऐवजी वीस प्रती काढल्या, मालक ओरडले, आणि मी पर्स उचलून तशीच चालू लागले.

रेडिओने महिनाअखेरीची वाट पाहिलीच नव्हती. मला खूश करायला आदल्या दिवशी सकाळपासूनच बंद केली होती. कॉटवर बसलेला, मांडीखाली हात दाबून, शर्ट पाठीला चिकटलेला. बायको म्हणाली, ‘बरं झालं आलात, तुमचीच वाट बघत होते.’ मी म्हटलं, ‘बाटली कुठंय?’ ती हसली. तिला वाटलं, मी ओतायला मागतेय. सगळ्या ओतून झाल्या होत्या.

मी स्वतः गेले आणायला. जन्मात त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. पुरुषांची रांग, सगळे बाजूला सरकले. गल्ल्यावरच्या माणसाने मला ओळखलं. ह्यांची नेहमीची बाटली त्याने न विचारताच काढून ठेवली. तिथे उभी राहून मला हुंदका आला, धाकटे, इतक्या माणसांत.

रेडिओने ग्लास बघितला आणि म्हणाला, ‘नाही वहिनी, तो नाही म्हणाला होता, मीही नाही.’ तेव्हा मी सांगितलं. तुझ्या पत्रातलं सगळं, माझ्या तोंडाने. तुमचा मित्र दारूने नाही गेला, आम्ही थांबवल्याने गेला. त्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. मग त्याला ग्लास धरवेना, म्हणून मी त्याच्या ओठाला लावला. दोन घोट घेतले त्याने. आम्ही दोघींनी त्याला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात रिक्षातून उतरवतानाच त्याला आकडी आली, पण दारातच डॉक्टर होते. आठवडाभर ठेवला. आता बसतो, खातो, नर्सशी हुज्जत घालतो. वाचला.

तू विचारलंस ना, किती होती. रोजची एक बाटली. सुट्टीच्या दिवशी त्याच्या वर. सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय शर्टाचं बटण लागत नव्हतं ह्यांना. मी कमी लिहिलं, कारण वाटलं, खरा आकडा बघून तुमचे सर ह्यांना घेणार नाहीत. लाज होती, पण ती नंतरची. मला ह्यांना तुमच्याकडे आत घालायचं होतं गं, काही करून आत घालायचं होतं.

तू म्हणतेस, तुझं चुकलं. मी म्हणते, माझं. ह्याची वाटणी करायची नाही आपण. मला तुझा राग आहे, आणि तुझ्याशिवाय हे बोलायला मला दुसरं कुणी नाही. दोन्ही खरं आहे.

एक गोष्ट मी तुला मागच्या पत्रात सांगितली नव्हती. तुलाच काय, रेडिओलाही सांगितली नाही, आणि आता सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी मागितली होती. ओरडून नाही, भांडून नाही. अंथरुणावर उठून बसले, हात जोडले, आणि ते जोडलेले हातसुद्धा एका जागी राहत नव्हते. म्हणाले, ‘एकच दे. काहीतरी बिघडलंय आत. एकच दे, उद्यापासून परत बंद.’ घरात होती. थोडी मी मागे ठेवली होती, दुखण्याखुपण्याला म्हणून, तांदळाच्या डब्यामागे; हे गेल्यावर तीही ओतली. मी म्हटलं, ‘आणि धाकटीला काय तोंड दाखवणार आहात?’

माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग जोडलेले हात सोडले, आणि मला म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं.’ आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आता पत्र लिहू नकोस. ये.

वहिनी